सत्य डायरी, आठवी ब

संचालक साहेब आठवी ब च्या मागच्या बाकावर येऊन बसले ते डिसेंबरातल्या एका सकाळी. तास इंग्रजीचा, म्हणजे माझा. वीसेक मिनिटं त्यांनी मन लावून ऐकलं. मग त्यांच्या खिशातला फोन थरथरला आणि ते उठून गेले. आणखी पंधरा मिनिटं बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

आधी शाळेविषयी सांगते. ग्वाल्हेर संपून शेतं सुरू होतात तिथं ती चार मजली गुलाबी इमारत उभी आहे. मी अकरा वर्षं तिथं इंग्रजी शिकवते. दर्पण कॉलनीच्या कोपऱ्यावर सकाळी पावणेसातला शाळेची बस येते, तिथपासून आम्ही शिस्तीत. प्रत्येक वर्गात दोन कॅमेरे, एक मुलांकडे तोंड करून आणि एक आमच्याकडे. व्हरांड्यात बोलायचं नाही, आणि बोललात तर इंग्रजीतच बोलायचं. मुलींच्या रिबिनीची रुंदी ठरलेली, डब्यातली भाजी वारांप्रमाणे ठरलेली, मंगळवारी आम्हा बायकांची साडी निळी. संचालकांच्या खोलीत एका मोठ्या पडद्यावर सगळे वर्ग चौकोनाचौकोनांतून दिसतात. कोणी जांभई दिली तरी खाली चिठ्ठी येते.

माणूस म्हणून ते वाईट नाहीत. वडिलांचा सिमेंटचा धंदा सोडून शिक्षणात आले ते चांगली माणसं घडवण्यासाठी, असं ते दर सोमवारी प्रार्थनेनंतर सांगतात. घडवणं हा शब्द त्यांना फार आवडतो. सिमेंटमधून आला असावा.

शिक्षकांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि गणिताचे सर. सर निवृत्तीला आलेले. त्यांच्या घरातले लोक पिढ्यान् पिढ्या फौजेत होते. "तेव्हा निदान शत्रू समोरून यायचा, ताई," असं ते म्हणायचे. स्टाफरूममध्येही कॅमेरा होता, पण त्यात आवाज जात नसे. म्हणून आम्ही चेहरे इंग्रजी ठेवून मराठीत बोलायचो.

तर त्या दिवशीचा धडा एका काल्पनिक शहराचा होता. शहराला उंच तट, आणि आत खोटं बोलायला बंदी. दिवेलागणीला प्रत्येकानं चौकात यायचं, त्या दिवशी आपण काय खोटं बोललो ते एका कारकुनाला सांगायचं. कारकून ते वहीत उतरवून घ्यायचा आणि माणूस हलका होऊन घरी जायचा. संचालक साहेबांनी इथपर्यंत ऐकलं. पुढे त्या शहरातली माणसं कारकुनाला द्यायला काही नसलं की रचून सांगू लागतात, मग बोलणंच सोडतात, आणि शेवटी सगळं शहर मुकं होऊन बसतं. हे ऐकायला साहेब वर्गात नव्हते.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेला ते मंचावर आले तेव्हा त्यांच्या हातात आकाशी रंगाची वही होती. वर शाळेचं चिन्ह, खाली 'माय ट्रुथ डायरी'.

"झूठ बोलना बीमारी नहीं है, बच्चो," ते म्हणाले, "झूठ छुपाना बीमारी है."

योजना अशी. रोज शेवटच्या तासाला दहा मिनिटं मिळणार. त्यात प्रत्येकानं त्या दिवसाचं आपलं खोटं लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गशिक्षिकेनं ते वाचून सही करायची आणि एक स्टार द्यायचा. लिहिलेल्यावरून कोणालाही शिक्षा होणार नाही. आणि शिक्षकांनाही डायरी, लाल रंगाची. ती प्राचार्या मॅडम तपासणार.

सर माझ्या कानाशी वाकले. "ताई, हा धडा तुम्ही उलटा शिकवायला हवा होता. शेवट आधी."

पहिला आठवडा मात्र मला खरंच आवडला. माझ्या वर्गात एकेचाळीस मुलं, एकेचाळीस डायऱ्या. एकानं लिहिलं, दूध प्यायलो म्हणून सांगितलं आणि ते तुळशीत ओतलं. दुसऱ्यानं लिहिलं, आजीला खीर आवडली असं सांगितलं, आणि खाली बारीक अक्षरात, थोडी आवडली होती. एकीनं लिहिलं: पप्पांना फोन आला तेव्हा पप्पांनीच मला सांगायला लावलं की पप्पा आंघोळीला गेलेत. हे खोटं माझं की पप्पांचं?

मी त्यावर सही केली, स्टार दिला.

ते पान प्राचार्या मॅडमच्या नजरेला पडलं. शिक्षा होणार नव्हती, म्हणून त्यांनी शिक्षा केली नाही. त्यांनी पप्पांना समुपदेशनासाठी बोलावलं. पप्पा बाहेर आले तेव्हा कान लाल झालेले होते, आणि मुलगी दुसऱ्या दिवशी रडके डोळे घेऊन आली. मुलांना यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. दोन दिवसांत निम्म्या डायऱ्या कोऱ्या.

त्यावर वरून नवा नियम आला. कोरं पान म्हणजे लपवाछपवी, आणि लपवाछपवीला पिवळा ठिपका. तीन ठिपके झाले की आई-वडिलांना बोलावणं. प्रत्येक वर्गाबाहेर तक्ता लागला. कोणता वर्ग जास्त खरा, ते त्यावर दिसायचं.

मग मुलं रचायला लागली. रचताना कोणी अडकणार नाही असं खोटं हवं, म्हणून सगळी दातांवर आली. जानेवारी उजाडेपर्यंत आठवी ब मधलं एकही मूल दात घासत नव्हतं. ज्यांना दातांचा कंटाळा आला ती दुधावर गेली. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, तिचं डोकं मात्र असल्या कामात फार चालायचं. भूगोलाचा नकाशा काढून दिला की ती बदल्यात एक खोटं तयार करून द्यायची. स्वतःच्या डायरीत तर तिनं एकदा लिहिलं, बसमधल्या काकूंना मी सांगितलं की माझा मामा नौदलात आहे आणि त्याच्या बोटीवर मोर पाळलाय. मी रोज सकाळी आधी तिची डायरी काढायचे. सत्यनिष्ठेची ढाल त्या वर्षी स्नेहसंमेलनात तिलाच मिळाली. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सरांची स्वतःची लाल डायरी मी एकदा चोरून पाहिली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच वाक्य. 'आज सकाळी संचालकांना गुड मॉर्निंग म्हणालो.' प्राचार्या मॅडमनी प्रत्येक पानावर सही केली होती. वाचल्याशिवाय सही करायची सवय सगळ्यांनाच लागली होती. मी मुलांच्याच डायऱ्यांतून उचलायचे. मी दूध तुळशीत ओतलं असं मी वयाच्या एकावन्नाव्या वर्षी लिहिलं आणि मला स्टार मिळाला.

या सगळ्यात एक मुलगी होती, पहिल्या बाकावर, भिंतीकडची. कंपू नावाच्या जुन्या वस्तीत राहायची. मराठी घर, ती आणि आई दोघीच. आई तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. मुलगी बोलायची कमी, आणि जे बोलायची ते इतकं नेमकं की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकलंय असं वाटावं. ती रोज एकच ओळ लिहायची. 'आज एकही नाही.' तारीख, ओळ, खाली रेघ.

मी सही करत राहिले. पण तक्त्यावर तिच्यापुढे पिवळे ठिपके पडत गेले, कारण तक्ता प्राचार्या मॅडमची मदतनीस भरायची. तीन झाले, पाच झाले. तिच्या आईच्या आधी मलाच बोलावणं आलं.

"ये कैसे हो सकता है?" प्राचार्या मॅडम म्हणाल्या. "कोई बच्चा ऐसा होता है क्या? झूठ बोल रही है, कि झूठ नहीं बोला."

"मैडम, वो सच में..." मी हिंदीत सुरुवात केली.

"आपकी क्लास का चार्ट ख़राब हो रहा है. मार्च में आपका अप्रेज़ल है. मैं तो आपके भले के लिए कह रही हूँ."

त्या खरंच माझ्या भल्यासाठी म्हणत होत्या. त्यामुळेच मला उलटून बोलता आलं नाही.

खेळाच्या तासाला मी त्या मुलीला वर्गात थांबवून घेतलं. बाहेर धुकं निवळून नुकतं ऊन आलं होतं, मुलं मैदानावर ओरडत होती. मी तिच्याशी मराठीत बोलायला लागले. शाळेचा नियम मोडून बोलतेय, म्हणजे मी तुझ्या बाजूची आहे, असं तिला वाटावं म्हणून. ही युक्ती होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"अगं, आठवून बघ. काहीतरी असेल."

तिनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. डोळे वर करून, बोटांवर वार मोजत. "नाही मॅम. काल तर मी कोणाशी जास्त बोललेच नाही."

"रविवारी?"

"रविवारी आईची ड्यूटी होती. मी घरी एकटी होती. झूठ बोलायला कोणी नव्हतंच."

मला हसू यायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, असं लिही. दात घासले नव्हते आणि आईला घासले म्हणून सांगितलं."

"पण मी तर घासले होते ना, मॅम."

"हो, पण लिही."

"आई तिथंच उभी असते."

"सगळी मुलं लिहितात गं. एकदाच लिही, म्हणजे ते ठिपके थांबतील."

"मग हे झूठ होईल ना?"

शिक्षकाला काही सुचलं नाही की तो आवाज चढवतो. मीही चढवला. "लिही म्हटलं ना!"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पेनचं टोपण काढलं आणि मी सांगितलेलं वाक्य मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं. खाली रेघ मारली. मी तिथंच सही केली आणि स्टार काढला. माझा स्टार नेहमी पाच टोकांचा येतो, त्या दिवशी सहा टोकांचा आला.

तीन दिवसांनी तिची आई आली. ड्यूटीवरून तडक, स्वेटरच्या आत दवाखान्याची पांढरी साडी. प्राचार्या मॅडमच्या खोलीत मला बोलावून घेतलं गेलं. टेबलावर तिनं घरून आणलेली आकाशी डायरी उघडी.

"मॅडम, हे काय लिहिलंय हिनं?" आई मलाच विचारत होती, मराठीत. "सकाळी मीच असते तिच्याजवळ. तिनं दात घासले होते. ती घरी असं बोलत नाही कधी. मी विचारलं तर काही सांगून नाही राहिली."

प्राचार्या मॅडमना मराठी कळत नव्हती, पण दात कळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरचा कॅमेराही पाहत होता, तो काही नवीन नव्हता.

आता एक वाक्य पुरेसं होतं. मी सांगितलं म्हणून लिहिलं तिनं. सहा शब्दसुद्धा नाहीत.

"या वयात मुलं लपवायला लागतात," मी म्हणाले. "तिनं मोकळेपणानं लिहून टाकलं, हे चांगलंच आहे."

प्राचार्या मॅडमनी सूर ओळखला. "देखिए, बच्ची खुल रही है."

आईनं डायरी मिटली, पर्समध्ये टाकली. "ठीक आहे," म्हणाली आणि निघून गेली. दारात तिनं मागे वळून मला नमस्कारही केला. त्या दिवशी माझ्या लाल डायरीत लिहायला खरं खोटं होतं. पहिल्यांदाच. मी लिहिलं, दूध ओतून दिलं.

जानेवारी संपता संपता बोर्डाची तपासणी आली. शाळेची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे दोन दिवस फिरून ठरवणारे दोघे जण, एक उंच गृहस्थ आणि एक बाई. आदल्या आठवड्यात प्रयोगशाळेचं कुलूप तोडावं लागलं, कारण चावी कुठंय ते कोणालाच आठवेना. आत परीक्षानळ्या अजून खोक्यात होत्या. वाचनालयातल्या पुस्तकांची प्लास्टिकची वेष्टनं शिपाई दोन दिवस फाडत बसला. अकरावी-बारावीची जी मुलं एरवी कोचिंग क्लासलाच असतात, त्यांना फोन करकरून गणवेशात बोलावलं गेलं.

आणि तपासणीच्या सकाळी प्रार्थनेला साहेबांनी स्वतः उजळणी घेतली.

"लैब?"

"रोज़ खुलती है, सर!"

"लायब्रेरी?"

"रोज़ जाते हैं, सर!"

"शाबाश. अब सत्य की शपथ."

मुलांनी हात पुढे करून सत्याची शपथ घेतली. माझ्या शेजारी सर हात पुढे करून, डोळे मिटून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

अकरा वाजता ते दोघे आठवी ब मध्ये आले. उंच गृहस्थांनी वर्गावरून नजर फिरवली आणि नेमकं पहिल्या बाकावरच्या भिंतीकडच्या मुलीला उठवलं.

"बेटा, लैब कितनी बार जाते हो?"

ती उभी राहिली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रोज़ जाते हैं, सर."

"गुड," म्हणून ते पुढे गेले. माझा जीव भांड्यात पडला. ते दोन बाकं पुढे जाईपर्यंत तो भांड्यातच होता. मग माझ्या लक्षात आलं की ती शिकली, आणि कोणाकडून शिकली तेही.

शेवटच्या तासाला नेहमीप्रमाणे डायऱ्या लिहून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा पुढ्यात घेतला. पहिली उघडली. 'आज मी तपासणीच्या सरांना सांगणार होतो की लॅब रोज उघडते. त्यांनी विचारलं नाही, पण प्रार्थनेला मोठ्यानं म्हणालो.' दुसरी. 'आज मी म्हणाले की आम्ही वाचनालयात रोज जातो. वाचनालय आज पहिल्यांदा बघितलं, छान आहे.' तिसरी, चौथी, दहावी. वर्गातली दोन मुलं गैरहजर होती, आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या मामाच्या बोटीला आग लागली होती. बाकी अडतीस डायऱ्यांत तेच. त्या दिवशी कोणालाही रचावं लागलं नव्हतं. अक्षरं सगळ्यांची सरळ आली होती.

भिंतीकडच्या मुलीनं लिहिलं होतं: 'सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आम्ही लॅबमध्ये रोज जातो. आम्ही आज गेलो. त्याआधी कधी नाही.' तारीख, खाली रेघ.

मी गठ्ठा सरांपुढे सरकवला. त्यांनी चार-पाच वाचल्या, चष्मा काढून पुसला. "आता काय करणार, ताई?"

मी काही म्हणायच्या आत शिपाई दारात. साहेबांनी आठवी ब च्या डायऱ्या मागितल्या आहेत, पाहुण्यांना दाखवायच्या आहेत. योजनेचा जन्म त्याच वर्गात झाला ना, म्हणून.

डायऱ्या मुलांनी घरी नेल्या, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. इतकं साधं खोटं मी त्या महिन्यात दहा वेळा बोलले होते. पण मी उठले, गठ्ठा छातीशी धरला आणि जिना उतरले. याला प्रामाणिकपणा म्हणू नका. मला राग आला होता. साहेबांचा, मॅडमचा, आणि त्या सहा टोकांच्या स्टारचा. तेवढा राग नसता तर मी खोटंच बोलले असते.

साहेबांच्या खोलीत बेडई पुऱ्यांच्या प्लेटा होत्या, गजक म्हणजे तिळाच्या वड्यांचा डबा उघडा होता. साहेब प्रसन्न. "बच्चे सब लिख देते हैं, सर. कुछ नहीं छुपाते."

बाईंनी वरची डायरी उघडली, शेवटचं पान वाचलं. दुसरी उघडली. तिसरी उघडून ती उंच गृहस्थांकडे दिली. त्यांनी ओठ हलवत वाचलं, मग आणखी दोन काढून घेतल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. पंखा बंद होता, हीटरचा आवाज येत होता.

"हाँ," ते अखेर म्हणाले, "नहीं छुपाते."

मग त्यांनी गजकाचा एक तुकडा उचलला, मोडला, अर्धा बाईंना दिला. "हैंडराइटिंग बहुत अच्छी है बच्चों की."

"डेट भी सबने डाली है," बाई म्हणाल्या आणि डायरी मिटली.

मान्यता मिळाली. अहवालात नैतिक शिक्षणातील अभिनव उपक्रम म्हणून आमच्या डायऱ्यांचा खास उल्लेख होता. पाहुणे गेल्यावर साहेबांनी स्वतः डायऱ्या वाचल्या असणार, कारण दुपारी मी त्यांच्या दारावरून गेले तेव्हा ते एका उघड्या वहीपुढे नुसतेच बसलेले दिसले, आणि मोठ्या पडद्याकडे त्यांची पाठ होती. मला त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. पुढच्या सोमवारी सगळ्या सत्य डायऱ्या रद्दीसाठी जमा झाल्या आणि कृतज्ञता डायऱ्या वाटल्या गेल्या, पिवळ्या. एरवी पाळीपाळीनं येणारी बसवरची ड्यूटी मात्र तेव्हापासून माझी रोजची झाली.

भिंतीकडची मुलगी एप्रिलमध्ये दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली. तिची आई मला दिवाळीच्या आधी महाराज बाड्यावरच्या बाजारात भेटली, पणत्यांच्या ढिगापुढे. तिनंच हाक मारली. मुलगी बरी आहे, नवी शाळा घराजवळ आहे, असं ती सांगत होती, आणि मला ते ऐकू येत नव्हतं. मी मध्येच म्हणाले, "ते दातांचं वाक्य मी लिहायला लावलं होतं. तुमच्यासमोर मी खोटं बोलले."

ती पणतीला बोट लावून भेग आहे का बघत होती. "मला माहीत होतं, मॅडम. त्याच संध्याकाळी तिनं सांगून दिलं. आधी सांगत नव्हती, तुमचं नाव येईल म्हणून."

"मग तुम्ही शाळेत बोलला का नाहीत? प्राचार्यांकडे?"

"मी पण तेच म्हटलं होतं तिला, की जाऊन सांगू या. तीच नको म्हणाली." आईनं पणती बाजूला ठेवली, दुसरी उचलली. "म्हणाली, मॅम खूप घाबरलेल्या होत्या, म्हणून मी लिहून दिलं."

"छे हो," मी म्हणाले, "घाबरायचं काय त्यात!"

"हाँ जी," ती अगदी समजुतीनं म्हणाली, आणि पणतीवाल्याला विचारायला लागली, दोन डझन घेतल्या तर काही कमी करणार का.